ऑर्विल टॅकेटचा बिनफटक्याचा सामना

आमच्या बेसबॉलच्या संघाला वीस वर्षं झाली म्हणून ऑफिसातल्या मुलांनी एक पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. पहिल्या वर्षीचे पंचवीस खेळाडू, प्रत्येकाला अर्धं पान. ऑर्विल टॅकेटचं अर्धं पान त्यांनी माझ्याकडे तपासायला पाठवलं, कारण त्याला जवळून ओळखणारा माणूस आता इथे मीच उरलो आहे. जन्म केंटकीतल्या लिक फोर्कचा. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. जिंकलेले सामने एकतीस, हरलेले बावन्न. आणि शेवटची ओळ अशी की, सतरा ऑगस्ट एकोणीसशे एकोणसत्तर रोजी त्यानं नवव्या डावात दोन बाद होईपर्यंत समोरच्या संघाला एकही फटका मारू दिला नाही. आकडे सगळे बरोबर आहेत. सही करून पान परत पाठवायचं, एवढंच माझं काम होतं, पण तीन दिवस झाले, माझ्याच्यानं ते होत नाही.

मी लोनी स्टोव्हॉल. लुईव्हिल स्टीमर्स या संघाचं सामान पहिल्या दिवसापासून मी सांभाळतो. कपडे धुणं, बुटांना पॉलिश, नव्या चेंडूंना चिखल चोळून त्यांची चकाकी घालवणं, सामना संपला की तळलेली कोंबडी आणि मक्याची भाकरी मांडणं, आणि ड्रेसिंग रूममधला भिंतीवरचा फोन घेणं. फोन घेणं हे काम कुणी मला नेमून दिलं नव्हतं. वाजला की दुसरं कुणी उठायचं नाही, म्हणून ते माझं झालं.

नवा संघ कसा उभा राहतो हे पुस्तिकेत फार गोड शब्दांत लिहिलं आहे. खरं असं की प्रत्येक जुन्या संघानं आपले पंधरा खेळाडू राखून ठेवायचे आणि उरलेल्यांची यादी आमच्यासमोर टाकायची. त्यातून आम्ही उचलायचे. म्हणजे आमच्याकडे आला तो प्रत्येक जण कुणाला तरी नको झालेला. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची नजर गेलेली, कुणाची बायको गेलेली. पहिल्या दिवशी सगळे आपापल्या खुंटीखाली बसले होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं वाटावीत तशी ती खोली होती.

त्यात एकटा ऑर्विल खुशीत होता. वय एकतीस, उंच, हाडकुळा, कानाच्या पाळ्या लालभडक. ज्या संघात त्यानं अठराव्या वर्षापासून घाम गाळला, कधी मोठ्या संघात, कधी त्यांच्याच खालच्या संघात, अशी वर-खाली तेरा वर्षं काढली, त्या संघानं त्याला राखला नव्हता. त्याला हे कुणी सांगितलंसुद्धा नाही. केस कापायला बसला असताना न्हाव्यानं पेपरातली यादी वाचून दाखवली, तेव्हा कळलं.

मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला ना. अर्धे केस कापलेले, उठून जाताही येईना." मग हसला. "पण लोनी, लुईव्हिल म्हणजे आपल्याच राज्यात रे. इथला रेडिओ आमच्या डोंगरात लागतो. म्हाताऱ्याला आता माझा प्रत्येक चेंडू ऐकता येईल."

म्हातारा म्हणजे त्याचे वडील, एल्झा टॅकेट. चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. त्या काळी प्रत्येक खाणीचा बेसबॉलचा संघ असायचा. रविवारी काळे हात घासून पुसून सामने व्हायचे, आणि एल्झा त्यात कॅचर होता, पिचरचा चेंडू झेलणारा. उजव्या हाताची दोन बोटं चेंडू लागून लागून वाकडी झालेली. घरामागे, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उकिडवा बसून त्यानं आपल्या मुलाचे हजारो चेंडू झेलले. "माझ्या हाताकडे बघ, कोंबड्यांकडे नको," असं ओरडत त्यानं मुलगा पिचर बनवला. पण मोठ्या मैदानावर त्याला टाकताना एकदाही पाहिलं नाही. आधी रजा नव्हती, नंतर छातीत दम नव्हता. कोळशाची धूळ फुफ्फुसांत बसली होती आणि चार पायऱ्या चढल्या की एल्झा पाचवीवर बसायचा.

म्हणून फोन. ऑर्विल ज्या दिवशी पिच करायचा, त्या दिवशी सामना संपला की कपडे बदलण्याआधी, कोंबडी खाण्याआधी, तो माझ्या त्या भिंतीवरच्या फोनपाशी यायचा आणि लिक फोर्कला नंबर लावायचा. पलीकडून म्हातारा कधी कौतुक करायचा नाही. रेडिओवर ऐकून त्याला सगळं दिसायचं म्हणे.

"बाबा, जिंकलो की आपण!"

"ते ऐकलं मी. सहाव्या डावात त्या ठेंगण्याला वर का टाकलास?"

"हात घसरला."

"हात नाही घसरला. दमलास की चेंडू वर जातो तुझा. लहानपणापासूनची खोड आहे ती."

मी टॉवेल मोजायचं नाटक करत सगळं ऐकायचो. बोलणं संपलं की ऑर्विल कपाळाला हात लावून म्हणायचा, "बघितलंस? हा माणूस माझ्या अंत्ययात्रेतसुद्धा खोड काढेल." आणि मग चवीनं कोंबडी खायचा. फोन झाल्याशिवाय त्याला घास जायचा नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

आम्ही हरत होतो. जुलैपर्यंत सत्तर सामने हरून झाले होते. लोक मैदानावर यायचे ते सावलीत बसून थंड बिअर प्यायला. जुलैच्या शेवटी एल्झाला खाणीजवळच्या हॉस्पिटलात ठेवलं. ऑर्विलची धाकटी बहीण नॅडीन त्याच्यापाशी राहायला गेली. तिनं खाटेशेजारी रेडिओ ठेवून घेतला आणि फोन आता हॉस्पिटलात लागू लागला. म्हाताऱ्याचं बोलणं दोन वाक्यांवर आलं होतं, पण दोन्ही वाक्यांत खोड असायचीच.

तो रविवार होता. दुपारचा सामना. आलेला संघ म्हणजे ऑर्विलला न राखणारा त्याचा जुना संघ. सकाळी तो लवकर आला, बुटांच्या नाड्या दोनदा सोडून बांधल्या आणि म्हणाला, "लोनी, नॅडीनचा फोन आला तर मला सांग हं. काल बाबांचा आवाज बरा नव्हता."

"सांगतो की," मी म्हणालो.

आता इथे आमच्यातला एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. पिचरनं एकही फटका न देता नऊपैकी चार-पाच डाव काढले, की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. शेजारी बसायचं नाही, नजर द्यायची नाही, काय घडतंय त्याचा उच्चार करायचा नाही. ज्यानं उच्चार केला त्यानं ते मोडलं, असं पक्कं धरलं जातं, आणि मग तो माणूस जन्मभर ते ऐकून घेतो. मी चौदा वर्षांचा असल्यापासून या धंद्यात आहे. चर्चमध्ये मी झोपतो, पण हा रिवाज मी कधी मोडला नव्हता.

त्या दिवशी पाचवा डाव संपला आणि ऑर्विल येऊन बाकावर बसला. बघता बघता त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं सरकली. सहा फूट इकडे, सहा फूट तिकडे मोकळा बाक, मध्ये तो एकटा, खांद्यावर टॉवेल. धावफलकावर समोरच्या संघाच्या फटक्यांपुढे शून्य लागलेलं सगळ्यांना दिसत होतं. आमची एक धाव झाली होती. तिसऱ्या बेसवरचा आमचा पोरगा त्याच चघळलेल्या गमवर तास काढत होता, कारण सामना सुरू होताना तोंडात तोच गम होता आणि अशा दिवशी काहीही बदलायचं नसतं. मैदानातले लोक बिअर विसरून उभे राहू लागले होते. आमच्या त्या भिकार वर्षात पहिल्यांदाच.

सहाव्या डावात आमची बॅटिंग चालू असताना फोन वाजला.

"मिस्टर स्टोव्हॉल? नॅडीन बोलतेय." आवाज चिरकत होता. "डॉक्टर आत्ता येऊन गेले. म्हणाले, तासाभराचंही काही सांगता येत नाही. बाबा शुद्धीवर आहेत. सारखं ऑर्विल, ऑर्विल चाललंय. दोन मिनिटं त्याला द्याल का फोनवर?"

"अगं, तो खेळतोय."

"माहितीये. इथे रेडिओ चालूच आहे. पण तुमची बॅटिंग आहे ना आता? त्याचा नंबर लांब आहे. बसलाच असेल तो."

बरोबर होतं तिचं. मी रिसीव्हर फळीवर आडवा ठेवला आणि मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यातून डगआउटकडे, खेळाडूंच्या बाकाकडे, गेलो. ऑर्विल बाकाच्या टोकाला होता. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. मी हात लांब केला नाही. मी मॅनेजरकडे गेलो.

मॅनेजर मर्ल ऑस्टिक, तोंडात तंबाखूचा गोळा. मी त्याच्या कानात सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"वेड लागलंय का तुला?"

"मर्ल, बाप आहे त्याचा."

"मला कळत नाही होय? पाऊण तास राहिलाय. चाळीस वर्षं खाणीत टिकलेला म्हातारा पाऊण तास टिकेल. आणि जिंकलेला मुलगा फोनवर आला तर म्हाताऱ्याला काय वाटेल, त्याचा विचार कर." मग थुंकला. "मी सांगणार नाही. तूही सांगणार नाहीस."

मर्ल आता या जगात नाही, आणि त्याच्यावर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं आहे. लोकांना मी तसं सांगितलंही आहे. पण खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं. मलाही तो सामना हवा होता. सत्तर-ऐंशी सामने हरलेल्या माणसांचे घामेजलेले कपडे मी धूत होतो आणि आमच्या संघाच्या नावावर एक गोष्ट लागणार होती. ती माझ्या तोंडून मोडायला मी तयार नव्हतो.

मी परत येऊन नॅडीनला म्हणालो, "खांद्याला तेल लावतायत त्याच्या. पुढच्या डावात आणतो."

"बरं," ती म्हणाली. "मी फोन ठेवत नाही. लाइन परत लागायची नाही."

सातव्या डावात त्यानं तीन माणसं दहा चेंडूंत घरी पाठवली. आत आला, बसला, टॉवेल घेतला. मी पाण्याचा तोच कागदी पेला, तेवढाच भरून, बाकावर ठेवला आणि वळलो. मागून आवाज आला.

"लोनी."

अख्खा बाक दगड झाला. पिचरनं स्वतः बोलणं हेच कुणी पाहिलं नव्हतं.

"लोनी, घरून फोन आला का रे?"

पंचवीस जण माझ्याकडे बघत होते. मर्लसुद्धा. ऑर्विलची नजर माझ्यावर होती, कान लाल, ओठावर घाम. तोंड न उघडता निघून जाणं हा रिवाज होता. पण तो सरळ विचारत होता, आणि त्याचा चेहरा बघून माझ्याच्यानं तसंच निघून जाववेना.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पाणी प्यायला. कॅचरनं माझ्याकडे असं पाहिलं की, उत्तर दिलंसच कशाला? बोललो म्हणून तो चिडला होता. काय बोललो ते त्याला ठाऊकच नव्हतं.

आठवा डावही त्यानं काढला. मैदानात असा गलबला होता की बोगद्याच्या भिंती घुमत होत्या. मी फोनपाशी गेलो. रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडून आमच्याच मैदानाचा तोच गलबला येत होता, रेडिओवरून, क्षणभर मागे.

"आला का तो?" नॅडीननं विचारलं.

"येतोच आहे."

"बाबांच्या कानाला लावते. बोलत राहा म्हणावं, त्यांना ऐकू येतं अजून."

मी काही म्हणायच्या आत पलीकडे खरखर झाली. मग श्वास. पाण्यात बुडबुडे यावेत तसा तो श्वास होता. आणि त्यातून, फार लांबून, एल्झा टॅकेट बोलला.

"पोरा..."

मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"दमलायस तू. खाली ठेव. वर जातोय चेंडू."

मी सांगायला हवं होतं की मी लोनी, ऑर्विल नाही. माझ्या जिभेवर शब्द होता. पण म्हातारा उत्तराची वाट बघत होता, ते त्या श्वासात कळत होतं.

"हो, बाबा," मी म्हणालो.

श्वास जरा सैल झाला. मग नॅडीननं फोन काढून घेतला असावा, कारण पुन्हा नुसता रेडिओच ऐकू येऊ लागला. मी रिसीव्हर फळीवर ठेवला आणि बोगद्यात जाऊन उभा राहिलो. जाऊन सांगावं, म्हाताऱ्यानं खाली ठेव म्हटलंय. पण तेही सांगता येत नव्हतं.

नववा डाव. पहिला बाद. दुसरा बाद. तिसरा माणूस आला, आणि ऑर्विलचा पहिलाच चेंडू वर गेला. म्हाताऱ्याचं ऐकलं असतं तर तसं झालं नसतं, असं मी म्हणत नाही. त्या माणसानं बॅट कशीबशी लावली आणि चेंडू आमच्या दोन पोरांच्या मधोमध अलगद पडला. लहान मुलानं फेकावा इतका हळू फटका. मैदानातून एक उसासा निघाला, हजारो माणसांचा मिळून एक.

संपलं होतं. आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी बोगद्यातून धावत सुटलो. अर्ध्यावर असतानाच मागून दुसरा आवाज आला, आणि तो ऐकूनच कळलं की पुढच्या माणसानं चेंडू कुंपणापलीकडे घातला. दोन धावा. आमची आघाडीही गेली होती.

"नॅडीन! आणतो त्याला, आत्ता आणतो!"

पलीकडे रेडिओ बंद होता. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"नको," ती म्हणाली. रडत नव्हती, नुसती थकली होती. "आत्ताच गेले, मिस्टर स्टोव्हॉल. लोक ओरडायला लागले ना, तेव्हाच." मग थोडं थांबून म्हणाली, "पण बोलणं झालं हो त्यांचं त्याच्याशी. फार शांत झाले नंतर. तुमचे उपकार."

मी तिला एवढंच म्हणालो की फोन ठेवू नको, तो येईलच आता.

आमच्या शेवटच्या बॅटिंगला ऑर्विलच्या जागी दुसरा माणूस गेला, म्हणून तो सामना संपायच्या आतच आत आला. आता सगळे त्याच्याशी बोलत होते. बोगद्यात पाठीवर थापा, "टॅकेट, त्या फटक्याला आईसक्रीमवाल्याचा पोरगासुद्धा हसला असता," वगैरे. तो हसत होता. खरंच हसत होता. टोपी खुंटीला अडकवली आणि सरळ माझ्याकडे आला.

"लोनी, बाजूला हो. म्हाताऱ्याला दोन तास पुरेल एवढी खोड सापडली असेल आज."

मग त्याला माझ्या हातातला रिसीव्हर दिसला. तो मी अजून ठेवला नव्हता.

"कोण आहे?"

मी त्याला रिसीव्हर दिला. नॅडीननं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोनदा "बरं" म्हणाला, एकदा "मी? कधी?" म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं.

"केव्हापासून चालू आहे हा फोन?"

"सहाव्या डावापासून."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मारलं असतं तर त्याहून बरं. त्यानं रिसीव्हर जागेवर लावला, कपडे न बदलता, खिळ्यांचे बूट फरशीवर वाजवत बाहेर गेला आणि गाडी काढली. लिक फोर्क सहा तासांवर होतं. रात्रभर कोंबडी तशीच राहिली, कुणी हात लावला नाही.

तो अंत्यविधी उरकून आठ दिवसांनी परत आला. सप्टेंबरात दोन सामने जिंकला. माझ्याशी बोलायचा, टॉवेल मागायचा, आभार मानायचा, पण फोनच्या बाजूला कधी फिरकला नाही. सामना संपला की घाईनं खायचा आणि जायचा. पुढच्या वसंतात संघानं त्याला सोडलं. तेव्हाही हे त्याला पेपरातूनच कळलं. तो गावी गेला आणि शाळेची बस चालवू लागला.

त्या हिवाळ्यात मी लिक फोर्कला गेलो. मला सांगायचं होतं. नॅडीनला आयुष्यभर वाटत राहणार होतं की बापलेकाचं बोलणं झालं, आणि ऑर्विलनं तिचा तो समज मोडला नव्हता. पण त्याला तरी खरं माहीत असायला हवं होतं. तो पुढच्या ओसरीवर बसला होता, अंगावर शाळेचं जाकीट. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. म्हातारा काय बोलला ते. त्याच्या जागी "हो, बाबा" मी म्हणालो ते.

त्यानं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाला, "आवाज कसा होता?"

"बारीक होता. पण ताठ होता. खोडच काढत होता."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. हसणार असं वाटलं, पण त्यानं तोंड तळहातात झाकून घेतलं, आणि तसाच बसून राहिला. मी म्हणालो, "ऑर्विल, मला माफ कर. मर्लचं ऐकायला नको होतं. सगळे गप्प बसले, मीही..."

"तू गप्प नव्हतास, लोनी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवत नव्हतं. "सगळे गप्प होते, ते मला चाललं असतं. गप्प बसायचंच असतं त्या दिवशी. मी विचारलं आणि कुणीच उत्तर दिलं नसतं, तर मी उठून आत फोन बघायला जाणार होतो. उठलोच होतो मी अर्धा. पण तू नाही म्हणालास. म्हणून मी परत बसलो."